दोनशे एकोणचाळीस दशांश आठ मीटर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकासाठी लिहायचे म्हणजे पाऊस, आई, कॉलेजचा पहिला दिवस, नाहीतर गेलाबाजार एखादी सहल, असा आपल्याकडे अलिखित संकेत आहे. संपादक मंडळातल्या मित्राने मला विषय विचारला तेव्हा मी "एरियल" म्हणालो. "म्हणजे कपड्यांची पावडर?" त्याने विचारले. त्याला हसण्यात अर्थ नाही. आमच्या पिढीने घराच्या छपरावर एरियल पाहिलेली नाही. जी काही एरियल आहे ती मोबाईलच्या पोटात, डोळ्यांआड. तेव्हा मी त्याला म्हणालो, की मी लिहून देतो, छापण्यासारखे नसेल तर रद्दीत घाल.

मराठीत फ्रिक्वेन्सीला 'वारंवारता' असा सुरेख शब्द आहे. वारंवार या शब्दातच सगळा अर्थ येऊन बसला आहे. एखादी गोष्ट एका सेकंदात किती वारंवार घडते ती वारंवारता. रेडिओच्या लहरी खरोखरच असतात हे हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० नंतरच्या दशकात प्रयोगाने दाखवून दिले, म्हणून सेकंदाला एक कंप म्हणजे एक हर्ट्झ. हजार झाले की किलोहर्ट्झ, दहा लाख झाले की मेगाहर्ट्झ. एवढे भांडवल पुरते. बाकी सारे गणित आकाशवाणीच्या निवेदकांनी आपल्या आजी-आजोबांना रोज सकाळी फुकट शिकवले होते, फक्त कुणी वहीत उतरवून घेतले नाही.

सांगली केंद्र सुरू झाले की निवेदक दोन आकडे सांगत. दोनशे एकोणचाळीस दशांश आठ मीटर, म्हणजेच एक हजार दोनशे एक्कावन्न किलोहर्ट्झ. हे आकडे माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, हरिपाठासारखे पाठ आहेत. त्यांचा अर्थ त्यांना कधी विचारावासा वाटला नाही. वाचकहो, या दोन आकड्यांचा गुणाकार करून पाहा. जवळजवळ तीन लाख येतो. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो आणि रेडिओची लहरही त्याच वेगाने. लहरीची लांबी आणि तिची वारंवारता यांचा गुणाकार कधी बदलत नाही. एक वाढली की दुसरी तेवढीच घटते. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की तीनशेला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येते. सातारा आकाशवाणीचे एफ्. एम्. १०३.१ मेगाहर्ट्झवर आहे. भागाकार करा, लहर निघते २.९१ मीटर. सांगलीची एक लहर आपल्या कॉलेजच्या मैदानाच्या बाहेर जाईल, सातारची वर्गातल्या फळ्याएवढी आहे. दोघींना पकडायला एकच जाळे कसे चालेल?

आता आबांविषयी सांगायला हवे, कारण हे सारे मी शिकलो ते त्यांच्यापायी.

आमचे गाव भिलवडीच्या बाजूला, कृष्णेच्या काठी. सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले तेव्हा आबा बावीस वर्षांचे होते. त्याआधी गावात पुणे ऐकत, रात्री रेडिओ सिलोन. हळदीला चांगला दर आला त्या वर्षी आबांनी मर्फीचा सेट घेतला. माळवदावर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणली आणि तिची तार खिडकीतून आत घेतली. त्या काळी रेडिओला पोस्टात पैसे भरून लायसन काढावे लागे. ते पुस्तक जमिनीच्या कागदांच्या पेटीतच असे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या घरात पाणी आढ्याला लागले. कागदांची पेटी आधीच वर नेली होती म्हणून वाचली, मर्फी पाण्यात राहिला. पाणी ओसरल्यावर वडील गावी गेले आणि आबांना साताऱ्याला घेऊन आले. धाकटे काका-काकू गावीच राहिले, चिखल काढायला.

आमचा फ्लॅट शाहूपुरीत, तिसऱ्या मजल्यावर. आबांनी तिथे कशाचीही तक्रार केली नाही, हेच वाईट होते. जेवायला वाढले तर जेवायचे, नाही वाढले तर मागायचे नाहीत. फक्त सकाळी सहाला खिडकीपाशी बसायचे, हातभर लांबीचा बॅटरीवरचा रेडिओ कानाशी धरायचे आणि चक्री फिरवायचे. सांगली लागायची, पण घोंगडीखाली तोंड घालून कुणी बोलावे तशी. तिच्यावर अखंड खरखर. ती खरखर ते दोन दोन तास ऐकत. आईने सातारचे १०३.१ लावून दिले, स्वच्छ, खणखणीत. आबा थोडा वेळ ऐकायचे आणि म्हणायचे, "चांगलं बोलतोय गं. पर ह्यो सातारचा. माझा सांगलीवाला लावा." डॉक्टर म्हणाले, वयोमान आहे. आई म्हणाली, वयोमान नव्हे, त्यांचे गाव ऐकू येत नाही. मी तेव्हा नववीत होतो आणि मला आईचे निदान जास्त पटले.

घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने इलाज केला. वडिलांनी रेडिओची स्टीलची दांडी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढली. तसे सगळेच करतात. पण ती दांडी मध्यम लहरींसाठी नसतेच. साधारण पाऊण मीटर लांबीची ती दांडी म्हणजे एफ्. एम्.च्या लहरीचा चतकोर, आणि म्हणून एफ्. एम्.ला ती नेमकी बसते. दोनशे चाळीस मीटरच्या सांगलीपुढे तिची मात्रा चालत नाही. सांगलीसाठी रेडिओच्या आत फेराइटची एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. खरी एरियल ती. ती बाहेर ओढून काढता येत नाही, पण फिरवता येते, म्हणजे अख्खा रेडिओच फिरवायचा. कांडीची कूस केंद्राकडे असली की आवाज मोठा, टोक केंद्राकडे असले की आवाज बुजतो. साताऱ्याहून सांगली आग्नेयेला, सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवर. रेडिओ त्या हिशेबाने ठेवला तर खरखर थोडी मागे सरली, इतकेच.

वडिलांच्या आतेभावाने अमेरिकेहून एक देखणा डिजिटल सेट पाठवला. त्यावर सांगली मिळेचना. आकडा १२५० वरून एकदम १२६० वर उडी घ्यायचा. कारण मजेशीर आहे. आपल्याकडे मध्यम लहरींवर केंद्रांचे आकडे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसवले आहेत, अमेरिकेत दहा-दहाच्या. सांगलीच्या १२५१ ला नऊने भाग जातो, पुण्याच्या ७९२ लाही जातो. मग सेटमध्ये नऊची पायरी लावायची सोय कुठेतरी दडलेली असते ती शोधावी लागते. नवा सेट घेणाऱ्याने आधी एवढे पाहावे. दुकानात एफ्. एम्. लावून दाखवतात आणि आपण खूष होऊन घरी येतो.

बाजारपेठेत एका दुकानदाराने आम्हाला "सगळी स्टेशनं खेचणारी" एरियल दाखवली. किंमत ऐकून वडिलांनी छत्री उचलली. खेचणे हा शब्दच मला फसवा वाटतो. एरियल काही खेचत नाही. लहर तिच्यावरून जाते आणि तिची लांबी त्या लहरीच्या मापात असेल तर तिच्यात चांगला कंप उठतो, एवढेच. शिवाय नुसता मोठा कान करून भागत नाही. सांगलीबरोबर घरातला गोंगाटही त्याच कानात शिरतो.

हा गोंगाट काय असतो ते एका संध्याकाळी कळले. लाइट गेली. अख्ख्या पेठेची गेली. आई मेणबत्ती शोधत होती आणि खिडकीतून आवाज आला, "अरे, आली! सांगली आली!" आबांच्या हातातला रेडिओ बोलत होता. कुणी बातम्या देत होते आणि शब्द न् शब्द कळत होता. वीस मिनिटांनी लाइट आली आणि पुन्हा खरखर. मग मी घरातली एकेक गोष्ट बंद करत फिरलो. एल्. ई. डी. दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, टी. व्ही.च्या वरचा डबा. प्रत्येकाच्या पोटात वीज क्षणोक्षणी तोडणारी-जोडणारी मंडले असतात आणि त्यांची किरकिर नेमकी मध्यम लहरींच्या पट्ट्यात सांडते. शिवाय आमची इमारत काँक्रीटची, आत लोखंडी सळ्यांचा पिंजरा. लहर बाहेरून आत येताना अर्धमेली होते आणि आतली किरकिर मात्र धष्टपुष्ट. गावाकडे माळवदावर यांपैकी काही नव्हते. म्हणून तिथे दोन बांबू आणि जाळी पुरत होती.

अजिंक्यताऱ्याला मात्र दोष देता येत नाही. आमच्या आणि सांगलीच्या मध्ये किल्ल्याचा डोंगर उभा आहे, आणि एफ्. एम्.च्या आखूड लहरीला डोंगर म्हणजे भिंत. कोल्हापूरचे १०२.७ आमच्या घरात नावालाही येत नाही ते त्यामुळेच. पण मध्यम लहर जमिनीला धरून सरपटत येते आणि असल्या डोंगराला सहज वळसा घालते. हा दिवसाचा हिशेब. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांतली एक चादर विरून जाते आणि त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवरची केंद्रे खाली उतरतात. मग १२५१ वर भलत्याच मुलखातली भाषा सांगलीच्या अंगावर येते. म्हणून आबांना मी सांगितले, की सांगली दिवसा ऐकायची. "दिवसाच तर लागती," ते म्हणाले, "रातच्याला काय बाजारभाव असतो व्हय?"

मोती चौकाजवळच्या एका बोळात रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्कर काका बसत. त्यांच्याकडे आता गिऱ्हाईक कमी आणि वेळ भरपूर. माझे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "तुला लांब तार नको, चौकट पाहिजे." लांब तार टाकायला आम्हाला गच्ची मिळणार नव्हती आणि मिळाली असती तरी सगळ्या इमारतीची किरकिर तिने गोळा केली असती. चौकटीचे तसे नाही. लाकडाच्या फुलीवर तांब्याच्या तारेचे चौकोनी वेढे द्यायचे. तिला दोन दिशांनी ऐकू येते आणि दोन दिशांना ती ठार बहिरी असते. "गुण तिच्या बहिरेपणात आहे," असे काका म्हणाले. चौकटीला एक गँग कंडेन्सर लागतो. तो आता बाजारात सहज मिळत नाही. "घरात जुना व्हॉल्व्हचा सेट आहे का?"

होता. पुरातून निघालेला मर्फी गावी गोठ्यात पालथा पडला होता. काकांनी तो गोणपाटात बांधून एस्. टी.ने पाठवला. लाकडी पेटीचे पापुद्रे सुटले होते, कापडाच्या जाळीवर चिखलाची रेघ स्पष्ट होती. आत मात्र गँग शाबूत. ॲल्युमिनियमच्या अर्धगोल पट्ट्यांचे ते दोन जुडगे, एक स्थिर, एक फिरणारे; एकमेकांना न शिवता एकमेकांत शिरायचे, ही त्यांची सारी करामत. पट्ट्यांमध्ये कृष्णेचा गाळ वाळून बसला होता. रॉकेल मिळेना म्हणून पेट्रोलमध्ये जुना दात घासायचा ब्रश बुडवून आबांनी तो गाळ काढला. तीन दिवस लागले. मला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी ती चक्री बोटाने फिरवली आणि पट्ट्या मुकाट्याने आत गेल्या, बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली.

मधे दिवाळीच्या सुट्टीत मी मिरजेला आत्याकडे गेलो होतो. मिरज म्हणजे सतार आणि तंबोऱ्यांचे गाव, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे गाव. आत्याच्या घराजवळ तंबोरे करणाऱ्यांची दुकाने आहेत. तिथे एक कारागीर तार लावत होते. मी तासभर पाहत राहिलो. तारेची दोन्ही टोके बांधलेली, तिथे ती हलत नाही. हेलकावा सगळा मधोमध. अर्ध्या लहरीची एरियल अशीच असते. तिच्या टोकांशी विजेचा प्रवाह शून्य, मधे सर्वांत जास्त, म्हणून रेडिओकडे जाणारी तार मधोमध जोडतात. तार आखूड केली की सूर चढतो, एरियल आखूड केली की वारंवारता चढते. आणि लांबी बदलायची नसेल तेव्हा? कारागिरांनी घोडीच्या खालचा बारीक मणी बोटाने तसूभर सरकवला आणि सूर जागेवर आला. चौकटीची तार दोनशे चाळीस मीटरपुढे काहीच नाही, चोवीस मीटर. तिला सांगलीच्या सुरात आणणारा मणी म्हणजे तो गँग. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे सगळे असते म्हणतात. मला ते मिरजेत कळले. आपल्या कॉलेजात प्रयोगशाळा नाही याचे मला तेव्हापासून फारसे दुःख नाही.

करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी मापे देतो. चौकटीची प्रत्येक बाजू साठ सेंटिमीटर. मोटार रिवायंडिंगवाल्याकडून इनॅमलची तांब्याची तार घ्यायची, तो वजनावर देतो. अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या अंतराने दहा वेढे द्यायचे. तारेच्या टोकांवरचे इनॅमल खरवडून ती गँगला जोडायची. बस्स. रेडिओला एकही तार जोडायची नाही. तो नुसता चौकटीशेजारी ठेवायचा, त्याची लांबी चौकटीच्या पाटाला काटकोनात येईल असा, म्हणजे आतली कांडी आणि चौकट यांचे सूत जुळते. रेडिओवर १२५१ लावायचे आणि मग गँग अगदी सावकाश फिरवायचा. सांगलीच्या वेळी पट्ट्या बऱ्याचशा बाहेर असतात, पुण्याच्या वेळी बऱ्याच आत. केसाएवढ्या जागेत आवाज एकदम उसळतो. आपण क्षणभर दचकतोच.

डिसेंबरातल्या एका सकाळी आमच्या घरात तो तसा उसळला. भक्तिगीत चालू होते, टाळ वेगळे ऐकू येत होते. आबा काही बोलले नाहीत. गाणे संपले, निवेदक बोलू लागले तसे त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. नंतर बाजारभाव लागले. हळदीचा दर ऐकून ते म्हणाले, "काय बी देत्यात!" रागावले होते. त्यांना रागावलेले आम्ही चार महिन्यांनी पाहत होतो.

चौकट ज्या पातळीत उभी असते त्या पातळीच्या दोन्ही अंगांनी तिला ऐकू येते. काटकोनात बहिरी. आमच्या चौकटीचे एक अंग सांगलीकडे होते आणि काटकोनात शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर होता, तो आपोआप गप्प झाला. दुसरे अंग वायव्येकडे, आणि त्या बाजूला थोडे उत्तरेला सरकून पुणे. म्हणजे चौकट न हलवता, फक्त गँग फिरवून, आग्नेयेचे सांगली किंवा उत्तरेचे पुणे. सातारा या दोघांच्या साधारण मधे बसला आहे, हे नकाशात पाहून मला कधी जाणवले नव्हते.

याचा उपयोग जुलै २०२१ मध्ये झाला. सातारा जिल्ह्यात तेव्हा पावसाने कहर केला. कोयना, कृष्णा पुन्हा चढल्या. काकांचा फोन दीड दिवस लागत नव्हता. वडील खाली-वर करत होते. आबा चौकटीपाशी बसून राहिले. पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्यांत त्यांना आयर्विनचे पाणी ४५ फुटांच्या वर गेल्याचे कळले. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांवर काहीतरी मोजले. मग वडिलांना म्हणाले, "इतक्याला पाणी आपल्या गोठ्यापतूर येतं. घरात यायला अजून टाइम हाय. धाकटा जनावरं घेऊन माळावरल्या वस्तीवर गेला असंल. तिथं रेंज नसती." दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, माळावरून. आकडा सगळ्यांनाच मिळत होता. तो आपल्या गोठ्यापर्यंत येतो की नाही हे सांगणारा एकटा आमच्या घरात होता.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे विषयांतर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याची लहर ४२.३४ मीटरची. तीनशेला भागा, सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर येते. आजही जगभरचे हौशी रेडिओवाले, ज्यांना 'हॅम' म्हणतात, याच सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गप्पा मारतात. काँग्रेस रेडिओ पुन्हा पुन्हा जागा बदलत राहिला, कारण प्रक्षेपण कुठून होते याची दिशा काढता येते. ती कशी काढतात, हे चौकट फिरवून एकदा आवाज बुजवून पाहिला की हातालाच कळते. आवाज नाहीसा होतो ती दिशा नेमकी सापडते, मोठा होतो ती ढोबळ. नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना पकडले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारवर आपल्या सातारा-सांगलीकडे इतके लिहून झाले आहे, की त्या काळी गावोगाव रेडिओवर कोण काय ऐकत होते हेही कुणीतरी शोधायला हवे. प्रबंधाला विषय आहे.

हल्ली माझे दोन-तीन वर्गमित्र स्कॅनरच्या नादी लागले आहेत. पेनड्राइव्हएवढा एक तुकडा संगणकाला लावला की लहरींचा पट्टा पडद्यावर धबधब्यासारखा कोसळताना दिसतो. ते मला पहिला प्रश्न विचारतात, "एरियल कोणती घेऊ?" मी उलट विचारतो, "ऐकायचे काय आहे?" याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. सगळे ऐकायचे असते. सगळ्यासाठी डिस्कोन नावाची एक एरियल आहे, वर तबकडी, खाली सळ्यांचा शंकू. ती पुष्कळ मोठा पट्टा ऐकते आणि त्यातले काहीच फार मोठ्याने ऐकत नाही. फक्त एफ्. एम्. हवे असेल तर साध्या वायरचे प्रत्येकी एकोणसत्तर सेंटिमीटरचे दोन तुकडे एका रेषेत ताणा, मधोमध केबल जोडा. सातारच्या १०३.१ ला ते बेतून शिवल्यासारखे बसेल. अर्ध्या लहरीचे माप काढले तर दीड मीटरच्या जवळ येते, पण तारेत ते सुमारे पाच टक्के कमी धरावे लागते, म्हणून एकोणसत्तर. खर्च चहा-वड्याएवढा. एफ्. एम्.ला पैशापेक्षा उंची मोलाची, म्हणून खिडकीपेक्षा गच्ची बरी.

आणि 'सगळे' ऐकण्याचा आपल्याला अधिकारही नाही. पोलिसांचे आणि इतर खात्यांचे बिनतारी संदेश ऐकण्याच्या वाटेला जाऊ नये. १८८५ चा तारेचा कायदा, १९३३ चा बिनतारीचा कायदा आणि अलीकडे २०२३ चा दूरसंचार कायदा, सरकारने हे प्रकरण कधीच सैल सोडलेले नाही. राजमार्ग हॅमच्या परवान्याचा. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, बारा वर्षांवरील कुणालाही देता येते, शाखेची अट नाही. राजीव गांधी हॅम होते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवले. माझा अभ्यास चालू आहे. १४५ मेगाहर्ट्झसाठी चतकोर लहर म्हणजे अर्धा मीटर. मोडक्या छत्रीच्या काड्यांची एरियल करून गच्चीवर उभी केली आहे. आई म्हणते, छत्री दुरुस्त केली असतीस तर बरे झाले असते.

आबा २०२२ मध्ये गावी परत गेले. काकांनी घर जोत्यापासून उचलून बांधले आहे. जाताना मी चौकट बांधून देऊ लागलो तर म्हणाले, "तितं कशाला? तितं सांगली आपसूक लागती. तुला ऱ्हाऊ दे." गँग तेवढा सोडवून देऊ का, असे विचारले. त्यांनी तो एकदा फिरवून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

चौकट सध्या माझ्या खोलीत आहे. रात्री दहानंतर, शेजारी झोपले म्हणजे, लांबची केंद्रे येऊ लागतात. भाषा कळत नाहीत, पण गाणे आहे की बातम्या एवढे समजते. कुणाला ऐकायला यायचे असेल तर रविवारी जरूर यावे. बॅटरीवरचा रेडिओ घेऊन यावे. चार्जर आणू नये.